अनुभवाच्या इतिहासावरचे आराखडे मंजूर करण्यापूर्वी

मा. सदस्य, इतिहास विषयाची अभ्यासमंडळे व संशोधन मान्यता समित्या, तसेच सर्व संशोधन मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेलेल्या काळातल्या माणसांनी आपले जगणे कसे अनुभवले, या विषयावरचे संशोधन आराखडे आता तुमच्या टेबलावर नेमाने येऊ लागले आहेत. दुखणे, भीती, वाट पाहणे, घर सुटणे, कारखान्यातला गोंगाट, शाळेतली शिक्षा, तुरुंगातला दिवस. या आराखड्यांचे पुढे दोनपैकी एक होते. एक तर ‘विषय भावनिक आहे, मानसशास्त्राकडे किंवा साहित्याकडे न्यावा’ असा शेरा मारून तो परत जातो. नाहीतर ‘ज्यांचा आवाज ऐकला गेला नाही त्यांचा आवाज’ अशी चार वाक्ये प्रस्तावनेत दिसली की बिनबोभाट मंजूर होतो. हे पत्र दोन्ही प्रकारांबद्दल आहे, पण आमची मोठी तक्रार दुसऱ्याबद्दल आहे. नाकारलेला विषय दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातून परत येऊ शकतो. चौकशी न करता मंजूर केलेल्या विषयातून मात्र मुलाखतींचे उतारे एकापुढे एक ठेवलेला प्रबंध तयार होतो, आणि मग पहिल्या गटातली मंडळी तोच प्रबंध पुढे करून ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असे म्हणतात. त्यांचे अगदीच चुकते असेही नाही.

हा विषय कालपरवाचा नाही. फ्रेंच इतिहासकार ल्युसियाँ फेव्र यांनी भावजीवनाचा इतिहास लिहायला हवा, असे १९४१ मध्येच मांडले होते. ई. पी. थॉम्प्सन यांनी इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीचा इतिहास १९६३ मध्ये लिहिला, तेव्हा आर्थिक परिस्थिती आणि वर्गजाणीव यांना जोडणारा दुवा म्हणून अनुभवालाच मध्यवर्ती जागा दिली. १९८५ मध्ये पीटर व कॅरल स्टर्न्स या इतिहासकारांनी एक भेद दाखवून दिला: समाजाने भावनांविषयी ठरवलेले नियम वेगळे आणि माणसांना प्रत्यक्षात वाटणारे वेगळे. पुढे विल्यम रेड्डी, बार्बरा रोझेनवाइन, मोनिक शेअर यांनी भावनांचा इतिहास अभ्यासण्याच्या आपापल्या पद्धती दिल्या. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत २००८ पासून उटे फ्रेव्हर्ट यांच्या नेतृत्वाखाली भावनांच्या इतिहासाचे केंद्र चालले, आणि फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठात २०१८ मध्ये अनुभवांच्या इतिहासाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. तेव्हा ‘हे इतिहासात बसते का’ हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. कसे बसवायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक आराखड्यागणिक नव्याने विचारावा लागतो.

त्यासाठी अमेरिकन इतिहासकार जोन स्कॉट यांचा अनुभवाच्या पुराव्यावरचा १९९१ चा निबंध मार्गदर्शकांनी पुन्हा एकदा वाचावा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अनुभव म्हणजे स्पष्टीकरणाचा पाया समजू नका, स्पष्टीकरण अनुभवाचेच द्यायचे आहे. ‘तिने भोगले, म्हणून ती सांगते ते खरे’ इथे थांबलेला संशोधक इतिहासाच्या दारापर्यंतच आलेला असतो. आत जायचे तर पुढचे प्रश्न विचारावे लागतात. ते भोगणे तिला त्याच शब्दांत का सांगता आले? ते शब्द कुठून आले? त्याच प्रसंगातून गेलेल्या दुसऱ्या व्यक्तीला तो वेगळा का भासला? दहा वर्षांपूर्वी तिने तो वेगळ्या तऱ्हेने सांगितला असता का? आराखड्यात यांपैकी एकही प्रश्न नसेल तर त्याला संशोधनाचा आराखडा म्हणू नये. तो संकलनाचा आराखडा झाला. संकलनही मोलाचे काम आहे, पण त्याला पीएच.डी. देत नाहीत.

आता साधनांकडे वळू, कारण खरी गोची तिथे आहे. अनुभव आपल्यापर्यंत सरळ कधीच पोचत नाही. मध्ये माणसे असतात. पामिए या फ्रान्समधल्या बिशपच्या क्षेत्रात झाक फूर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंड्यांच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध श्रद्धा बाळगणाऱ्यांच्या चौकश्या केल्या. (हाच पुढे पोप बारावा बेनेडिक्ट झाला.) त्याच्या नोंदवहीत मेंढपाळ, विधवा, शेतकरी आपल्या देवाविषयी, प्रेमाविषयी, मरणाविषयी बोलताना दिसतात. पण ते बोलले ऑक्सितान या दक्षिण फ्रान्समधल्या भाषेत. लेखनिकाने ते टिपले लॅटिनमध्ये. मग ती नोंद साक्षीदाराला त्याच्या भाषेत पुन्हा ऐकवली गेली, दुरुस्त्या झाल्या आणि शेवटी चर्मपत्रावर स्वच्छ प्रत निघाली. म्हणजे आज आपण ‘मेंढपाळ म्हणतो’ असे लिहितो, तेव्हा मध्ये दोन भाषांतरे, एक चौकशी अधिकारी, एक लेखनिक आणि एक प्रतकार उभे असतात. शिवाय समोर शिक्षेची भीती. यातल्या प्रत्येक पायरीवर ‘ध’चा ‘मा’ होऊ शकतो. फ्रेंच इतिहासकार इमानुएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये याच नोंदवहीवरून एका अख्ख्या गावाचे जगणे उभे केले आणि ते गाजले. पण चौकशीच्या दप्तराला त्यांनी मानववंशशास्त्रज्ञाच्या वहीसारखे वाचले, अशी टीकाही त्यांच्यावर झाली, आणि ती रास्त होती.

म्हणून आमची पहिली मागणी साधनसाखळीची आहे. प्रत्येक प्रमुख साधनासाठी संशोधकाने एका पानावर लिहून द्यावे: अनुभवणारा कोण, बोलणारा कोण, टिपणारा कोण, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कशासाठी, किती दिवसांनी, मग संपादन कोणी केले आणि आज हाती आहे ती कितवी प्रत. जिथे माहिती नसेल तिथे ‘माहीत नाही’ असे स्पष्ट लिहावे, रकाना कोरा सोडू नये. छापील आत्मचरित्राला हे जास्तच लागू आहे, कारण लोक ते ‘थेट’ साधन समजतात. हस्तलिखित उपलब्ध असताना केवळ छापील आवृत्तीवर अनुभवाचा युक्तिवाद उभा करणाऱ्या आराखड्याला समितीने थांबवावे.

दुसरे काम साचा ओळखण्याचे. अर्ज, दयायाचना, जबान्या, मृत्युलेख, सैनिकांची घरी पाठवलेली पत्रे, प्रत्येकाला ठरीव घडण असते. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये खुनाच्या आरोपींनी राजाकडे माफीसाठी केलेल्या अर्जांचा अभ्यास नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. राग अनावर झाला, हेतू नव्हता, समोरच्याने डिवचले, अशी वळणे त्या अर्जांत ठरून येतात, कारण माफी मिळण्यासाठी तीच कामी येत. मग हे अर्ज निरुपयोगी ठरतात का? नाही. कोणता राग क्षम्य मानला जाई, हे त्यातूनच कळते. फक्त ‘आरोपीला राग आला होता’ असे त्यावरून म्हणता येत नाही. साचा कळायला एकाच प्रकारची, एकाच काळातली किमान तीस-चाळीस कागदपत्रे सलग वाचावी लागतात. पहिली दहा वाचताना सगळेच हृदयद्रावक वाटते. विसाव्यानंतर कान तयार होतो, आणि मग एखाद्या कागदात साच्याबाहेरचे वाक्य दिसले की ते ताबडतोब खटकते. असे वाक्य सापडणे हे या कामातले खरे उत्पन्न. एकदोन निवडक पत्रांवर प्रकरण उभारणाऱ्यांना ते दिसूच शकत नाही.

रूक्ष साधनांना कमी लेखू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. मार्था बॅलर्ड या अमेरिकेतल्या मेन प्रांतातल्या सुईणीने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहिली. हवा कशी, कुणाकडे गेले, बाळंतपण झाले, पैसे किती आले, बस्स. भावना म्हणाव्यात अशा ओळी विरळ. आधीच्या इतिहासकारांनी ती किरकोळ म्हणून बाजूला ठेवली होती. लॉरेल थॅचर उलरिच यांनी ती सबंध वाचली, तिच्यातल्या ८१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला, कोर्टाचे कागद आणि त्याच गावातल्या इतरांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, आणि १९९० मध्ये त्या रोजनिशीतून एका बाईचे श्रम, थकवा, मान आणि उतारवय उभे राहिले. ‘दुःख’ हा शब्द शोधत पाने चाळणाऱ्याला हे कधीच सापडले नसते. रात्रीच्या फेऱ्या कधी कमी झाल्या, कोणत्या घरी बोलावणे बंद झाले, कोणत्या दिवशी नोंद नेहमीपेक्षा आखूड आहे, अशा मोजदादीतूनच अनुभव हाती लागतो.

स्मरणाच्या बाबतीत मात्र समित्या दोन टोकांना असतात: काहींचा स्मृतीवर काडीचा विश्वास नाही, काहींचा आंधळा आहे. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली’ हे लिहून घेतले. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. दोन्ही उत्तरे किती जुळतात याच्या सात गुणांच्या पडताळणीत ११ जणांना शून्य मिळाले. स्वतःच्या आठवणीबद्दलची त्यांची खात्री मात्र दांडगी होती. ठामपणे सांगणे हा खरेपणाचा पुरावा धरता येत नाही, हे प्रत्येक मुलाखतकाराने मनात पक्के करावे.

आता दुसरी बाजू. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांच्या हातून मारला गेला. नाटो करारात इटलीने सामील होण्याविरुद्धचे ते आंदोलन होते. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे अनेक वर्षांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कित्येकांनी हा मृत्यू १९५३ मधल्या मोठ्या कामगारकपातीच्या विरोधातल्या रस्त्यावरच्या लढाईत घातला होता. ही चूक म्हणून खोडून टाकायची की नाही? पोर्तेल्लींनी विचारले की चूक सगळ्यांची एकाच दिशेने का झाली? सहकारी मारला गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हा सल त्या लोकांना झेपत नव्हता. लढाईतला मृत्यू झेपत होता. अनेकांना आज हे उदाहरण तोंडपाठ असते, पण त्यातली अर्धी गोष्ट ते विसरतात. खरी तारीख कागदपत्रांवरून आधी पक्की झाली होती, म्हणूनच तारीख सरकल्याचे कळले. अनुभवाच्या अभ्यासकाला तारखा, जागा, नावे यांची पडताळणी इतरांहून जास्त करावी लागते. ‘आम्हाला तथ्याशी कर्तव्य नाही, अर्थाशी आहे’ असे आराखड्यात वाचलेत तर तो खुशाल परत पाठवा.

इतरांनी सांगितलेले किंवा पडद्यावर पाहिलेलेही आठवणीत मिसळते. इतिहासकार ॲलिस्टर थॉमसन यांनी पहिल्या महायुद्धातल्या वृद्ध ऑस्ट्रेलियन सैनिकांशी बोलताना पाहिले की काहींच्या सांगण्यात चित्रपटातली दृश्ये स्वतःची म्हणून येत होती. यावर उपाय आहे, तोही साधा. मुलाखतीपूर्वी त्या घटनेवरचे लोकप्रिय चित्रपट, मालिका, शालेय धडे, वार्षिक स्मृतिदिनाची भाषणे यांची यादी करा आणि त्यातल्या ठळक प्रतिमा वेगळ्या लिहून ठेवा. नंतर उताऱ्यात त्याच प्रतिमा आल्या की तिथे खूण करा. खूण म्हणजे खोटेपणाचा शिक्का समजू नका. फक्त तेवढ्या भागावर एकट्याने भार टाकायचा नाही.

मुलाखतींच्या संख्येबद्दल जरा हिशेबाने बोलू. ‘शंभर मुलाखती घेण्यात येतील’ या वाक्याने समित्या खूश होतात. एक तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला सरासरी सहा ते आठ तास लागतात. बोली अपरिचित असेल किंवा दोघेतिघे एकदम बोलत असतील तर दहाही. शंभर जण, प्रत्येकी दीड तास, म्हणजे १५० तास. तासाला सात धरले तर १,०५० तास. रोज सहा तास उतरवत बसले तरी १७५ दिवस केवळ उतरवण्यात जातात. मग होते काय? संशोधक उतरवतच नाही. आठवणीने ‘साधारण असे म्हणाले’ लिहितो, किंवा पैसे देऊन उतरवून घेतो आणि उतरवणारा बोलीचे प्रमाणीकरण करून, अडखळणे, थांबणे, ‘नको ते’ म्हणणे गाळून गुळगुळीत मजकूर हाती देतो. आमच्या मते पंधरा माणसे, प्रत्येकी दोन बैठका, दीड-दीड तास, हा एका माणसाला झेपणारा आकडा आहे. ४५ तासांचे ध्वनिमुद्रण, सुमारे ३१५ तासांचे उतरवणे. दुसरी बैठक आठ-पंधरा दिवसांनी ठेवावी, पहिलीचा उतारा वाचून झाल्यावर. पहिल्या बैठकीत माणूस अनेकदा सांगून सांगून घोटीव झालेली गोष्ट सांगतो. तिच्यात फट दिसते ती दुसऱ्या बैठकीत.

पंधराच का, शितावरून भाताची परीक्षा होईल का, असे विचारले जाईल. इथे नमुना सांख्यिकीचा नसतो. त्या प्रसंगात वेगवेगळ्या जागी उभी असलेली माणसे निवडायची: हुकूम देणारा, पाळणारा, पाहणारा, तिथून निघून गेलेला, तेव्हा लहान असलेला. आराखड्यात नावे देऊ नयेत, पण या जागांची यादी हवी.

प्रश्न कसे विचारले जाणार, तेही समितीने पाहावे. ‘तेव्हा तुम्हाला कसे वाटले?’ हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात आला की छापील उत्तर येते: ‘खूप वाईट वाटले’. त्याऐवजी जागा, क्रम आणि शरीर विचारा. दार कुठल्या बाजूला होते? उजेड होता का? आधी कोण बोलले? हातात काय होते? त्यानंतर लगेच काय केलेत? त्या रात्री झोपलात कुठे? अशा प्रश्नांनी माणूस घोटीव गोष्टीतून बाहेर पडतो. वाटण्याचे शब्द मग तो स्वतः आणतो, आणि ते त्याचे असतात. मौन कापू नका. उताऱ्यात ते [थांबतात, ९ सेकंद] असे लिहा. खोलीत आणखी कोण होते, कोण डोकावून गेले, हेही दर वेळी टिपा.

समोर कोण बसले आहे यावर उत्तर किती बदलते, याचे डोळ्यांत अंजन घालणारे उदाहरण अमेरिकेत आहे. १९३६ ते १९३८ मध्ये तिथल्या सरकारी लेखक प्रकल्पाने गुलामगिरीतून सुटलेल्या हयात माणसांच्या २,३०० हून अधिक हकिगती गोळा केल्या. चार्ल्सटनमधल्या एकाच वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीच्या दोन मुलाखती त्यात आहेत. गोऱ्या मुलाखतकर्तीपाशी जुना मालक भला म्हणून येतो. कृष्णवर्णीय मुलाखतकारापाशी मारझोड आणि ताटातूट येते. बहुतेक मुलाखतकार गोरे होते, सांगणारी माणसे म्हातारी होती, गुलामगिरीच्या काळात त्यांतली अनेक जण लहान मुले होती, आणि बोलताना भोवती १९३०च्या दशकातली मंदी होती. हे सारे वजा करून वाचायला शिकलेला विद्यार्थीच त्या हकिगती वापरू शकतो. मग आपल्याच विद्यार्थ्याच्या मुलाखतींत विद्यार्थी कोण, कुणाच्या ओळखीने त्या घरात गेला, हे प्रबंधात का नसावे? अर्धे पान पुरते. आत्मकथन नको.

निदानाच्या मोहाबद्दल थोडे. १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराची ओढ हा एक आजार म्हणून मांडला आणि त्याला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय दप्तरात या आजाराचे ५,००० हून अधिक रुग्ण नोंदले आहेत. काही जण त्याने दगावल्याचीही नोंद आहे. ‘म्हणजे त्यांना नैराश्य होते’ असे लिहिले की अभ्यास संपला. त्या सैनिकाला आपण घरावाचून मरतो आहोत असे वाटत होते, डॉक्टरलाही तसेच वाटत होते, आणि उपचार म्हणून घरी पाठवण्याचा विचार होत होता. तो अनुभव याच चौकटीत घडला. पहिल्या महायुद्धातल्या ‘शेल शॉक’चेही (तोफगोळ्यांच्या माऱ्यातल्या सैनिकांना बसणाऱ्या मानसिक धक्क्याचेही) तसेच. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ते नाव वैद्यकीय नियतकालिकात आणले आणि १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने ते वापरायला मनाई केली. दप्तरात त्यानंतर हे नाव कमी दिसते याचा अर्थ सैनिक बरे झाले असा नाही; लेबल बदलले. १९८० मध्ये मान्यता मिळालेल्या आघातोत्तर तणावविकाराच्या (पीटीएसडीच्या) लक्षणांच्या यादीत बसवून त्या सैनिकांचे अनुभव तपासणे म्हणजे उत्तर आधी ठरवून पुरावा गोळा करणे. इतिहासकार बार्बरा ड्यूडेन यांनी जर्मनीतल्या आयझेनाखच्या योहान श्टोर्ख या अठराव्या शतकातल्या डॉक्टरच्या नोंदींतून स्त्रियांची दुखणी वाचली, तेव्हा अडलेला प्रवाह, जागा सोडून फिरणारे रक्त अशा त्या स्त्रियांच्या शब्दांना आजच्या रोगांची नावे चिकटवायचे त्यांनी टाळले. ते फार कठीण काम आहे. विद्यार्थ्याला सांगावे की आधी त्या काळच्या शब्दांचा तक्ता कर: शब्द, कुणी वापरला, शरीराचा कोणता भाग, कोणते कारण सांगितले, कोणता उपाय केला. आजच्या संज्ञा तक्त्यात येता कामा नयेत. त्या प्रकरणाच्या शेवटी, चर्चेत आल्या तर हरकत नाही.

असाच मोह पश्चातज्ञानाचा, म्हणजे पुढे काय झाले हे माहीत असल्याने मागचे त्याच नजरेने वाचण्याचा. जर्मन इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी दाखवले की माणूस नेहमी आपल्यामागच्या अनुभवांच्या आणि पुढच्या अपेक्षांच्या मध्ये उभा असतो. ऑगस्ट १९१४ मध्ये डायरी लिहिणाऱ्याला पहिले महायुद्ध चार वर्षे चालणार हे ठाऊक नव्हते. १९३०च्या दशकात आठवणी लिहिणाऱ्याला सगळेच ठाऊक होते. दोघांची अवतरणे एकाच परिच्छेदात शेजारी टाकली की गोंधळ होतो, आणि हा गोंधळ प्रबंधागणिक दिसतो. प्रत्येक अवतरणापुढे घटना आणि नोंद यांतले अंतर लिहायला लावा: ‘त्याच रात्री’, ‘३ महिने’, ‘४१ वर्षे’. एवढ्यानेच अर्धे प्रबंध सुधारतील.

संगणकीय मोजणीबद्दल दोनच सूचना, कारण तिचे आकर्षण वाढते आहे. भावनादर्शक शब्दांच्या तयार याद्या आजच्या भाषेवरून बनलेल्या असतात. जुन्या मजकुरावर चालवल्या तर आलेख सुंदर येतो आणि अर्थ काही निघत नाही. शिवाय स्कॅनवरून अक्षरे ओळखताना चुका होतात: १८०० पूर्वीच्या इंग्रजी छपाईतला ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’ यंत्र ‘एफ’ म्हणून वाचते, हे प्रसिद्ध आहे. मोजणीपूर्वी दोनशे ओळी हाताने ताडून चुकीचे प्रमाण लिहून द्यावे. ते नसेल तर आलेख प्रबंधात नको. जुने वास, जुने आवाज पुन्हा निर्माण करण्याचे प्रयोगही होत आहेत. गंमत म्हणून ठीक. चर्चची घंटा तशीच वाजवता येईल, पण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच खेड्यात तिच्यावरून गावकरी हमरीतुमरीवर का येत, हे कळायला इतिहासकार आलाँ कोर्बाँ यांना तक्रारअर्ज आणि पालिकेची दप्तरेच उपसावी लागली.

संमती आणि जतन या बाबतीत मात्र ढिलाई चालणार नाही. संमती दोनदा घ्यावी: ध्वनिमुद्रणाआधी एकदा, आणि उतारा वाचून दाखवल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी माणसाला काही भाग काढायला किंवा काही वर्षे बंद ठेवायला सांगता आले पाहिजे. न पाळता येणारे वचन मात्र देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या ‘बेलफास्ट प्रकल्प’ या मुलाखतसंग्रहात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांना तुमच्या हयातीत मुलाखती उघड होणार नाहीत असे सांगितले गेले होते. २०११ मध्ये त्या ध्वनिफितींसाठी न्यायालयीन आदेश निघाले आणि वचन टिकले नाही. ‘कायद्याने मागितल्यास द्यावे लागेल’ हे वाक्य संमतीपत्रात ठळक हवे, आणि ते वाचून कुणी बोलायचे नाकारले तर तो त्याचा हक्क आहे. जिथे गुन्ह्याची कबुली येऊ शकते, तिथे मुलाखतीची गरज खरोखर आहे का, हे समितीनेच विचारावे.

अभ्यासक्रमात ‘मौखिक इतिहासाचे महत्त्व सांगा’ हा पंधरा गुणांचा प्रश्न वर्षानुवर्षे येतो आणि त्याचे उत्तर गाइडमध्ये तयार मिळते. त्या जागी एक पानाचा उतारा द्या, कोणत्या साधनातून आला ते सांगा, आणि साधनसाखळी, साचा, नोंदीचे अंतर ओळखायला सांगा. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला विचारा: तुमच्या कोणत्या दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत आणि तुम्ही काय केलेत? कोणते वाक्य तुम्हाला अजून कळलेले नाही? दुसऱ्या प्रश्नाला ‘असे काही नाही’ हे उत्तर आले तर साधने नीट वाचली गेलेली नाहीत असे समजायला हरकत नाही.

उरला प्रश्न ध्वनिमुद्रणांचा. पदवी हाती पडली की ती संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये राहतात, लॅपटॉप बिघडतो, आणि प्रबंधातल्या अवतरणांची पडताळणी कायमची अशक्य होते. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिटमध्ये, एका चॅनेलवर करावे. तासाला सुमारे ५१८ एमबी जागा लागते, म्हणजे वर सांगितलेल्या ४५ तासांना २३–२४ जीबी. हा काही न परवडणारा आकडा नाही. एमपी३ वापरण्यासाठी वेगळी काढावी, मूळ म्हणून ठेवू नये. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलसोबत तारीख, जागा, सत्र, हजर माणसे, भाषा व बोली, संमतीच्या अटी आणि दर पाच मिनिटांनी एक ओळीचा गोषवारा असलेले पान हवे. प्रबंधातले अवतरण (मुलाखत ७, सत्र २, ००:४१:२०) असे असावे, म्हणजे परीक्षकाला तो क्षण ऐकता येईल. ग्रंथालयात हे सर्व जमा झाल्याची पावती जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये, असा ठराव अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत मांडावा. बंद ठेवायच्या फाइलींना कुलूप लावण्याची आणि मुदत संपल्यावर ते उघडण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या व्यक्तीची, हे त्याच ठरावात लिहावे; नाहीतर ती कुणाचीच राहत नाही.

कळावे,
अनुभवांच्या इतिहासाचे काही अध्यापक व संशोधक